वैशाखातले मोजे

मला हरायला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालताना मी हरत नाही, एसटीत खिडकीच्या जागेवरून हरत नाही, आणि मुलगी लहान असताना सापशिडीतसुद्धा मी तिला मुद्दाम जिंकू दिलं नाही. "आईला हरवायचं नसतं, संध्याकाळी वरण पातळ होतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. लोक हसतात आणि मीही हसते. मागच्या वर्षापर्यंत मला त्यात गंमतच वाटायची.

मागच्या वर्षी जळगावच्या एका निवृत्त संगीतशिक्षकांनी हौशी गायकांचा एक कार्यक्रम ठरवला. त्यांना सगळे नाना म्हणतात. जळगाव आणि धुळे मिळून दहा जण गाणार होते. अट एकच होती. गाणं आपल्या आयुष्याला चिकटलेलं हवं, आणि ते का चिकटलं हे गाण्याआधी दोन मिनिटांत सांगायचं. दोन मिनिटं झाली की नाना शाळेतली जुनी पितळी घंटी वाजवणार. मी धुळ्यात मराठी शिकवते, संध्याकाळी गाण्याच्या वर्गाला जाते. मी लगेच नाव दिलं. वडील कापसाच्या गाडीवर बसून एक भजन गुणगुणायचे, ते मी निवडलं. वडिलांचं भजन म्हटलं की कुणाला दोष काढता येत नाही, हा हिशेबही त्यात होता, खोटं कशाला बोलू?

पहिल्या तालमीला जळगावला गेले. नानांच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथे सगळे जमले होते. एक बँकेतून निवृत्त झालेले साहेब, एक शिंपीचाचा, दोन-तीन शिक्षिका. चहा आला. समोरून एका बाईने कप घ्यायला हात पुढे केला आणि माझं लक्ष त्या हातावर गेलं. कोपरापर्यंत पांढरा हात. मग चेहरा पाहिला. डोळ्यांभोवती, ओठांभोवती तोच पांढरा रंग, बाकी चेहरा सावळा. केस अर्धे पिकलेले. तरी मी ओळखलं, आणि हातातला कप खाली ठेवला.

"कशी शेस?" तिने विचारलं.

"बरी," मी म्हणाले. बत्तीस वर्षांनी आम्ही एवढंच बोललो.

नाना वहीत सगळ्यांची गाणी लिहून घेत होते. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी आखाजीचा बार गाणार आहे."

नाना मूळचे नाशिकचे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया एवढंच त्यांना ठाऊक. तिने समजावून सांगितलं, की आमच्या गावात आखाजीला माहेरी आलेल्या लेकी आणि गावातल्या पोरी गौराई घेऊन नाल्यावर जातात, वरच्या गल्लीच्या एका काठावर, खालच्या गल्लीच्या दुसऱ्या काठावर, आणि गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढतात. शब्द तिथल्या तिथे जुळवायचे. जी गल्ली निरुत्तर होईल ती हरली. याला बार म्हणतात.

"वा! पण मग याला दोन बाजू लागणार," नाना म्हणाले.

"दुसरी बाजू इथेच बसली आहे. खालच्या गल्लीची." तिने माझ्याकडे हनुवटीने दाखवलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी माझं भजन खोडून तिथे 'बार, दोघी' असं लिहिलं. मी नाही म्हणू शकले असते. पण दहा जणांसमोर नाही म्हणणं म्हणजे बार सुरू होण्याआधीच हरणं, आणि ते तिला माहीत होतं.

आता ते सांगायलाच हवं.

आमचं गाव अमळनेरजवळ. ती वरच्या गल्लीची, मी खालच्या. वर्षभर आम्ही जिवाभावाच्या मैत्रिणी, आखाजीच्या दिवशी मात्र दोन काठांवरच्या वैरिणी. आखाजीच्या आधी आठ-दहा दिवस गावात झोके बांधले जायचे. दुपारी बाकीच्या झोपल्या की आम्ही दोघी एकाच झोक्यावर बसायचो आणि जे कुणाला सांगत नव्हतो ते एकमेकींना सांगायचो. आम्ही दोघीही वीस-एकवीसच्या. ती अमळनेरला कॉलेजात जायची, आणि एक-दोन वर्षांपासून सँडलमध्ये मोजे घालायची. चैत्र असो की वैशाख, मोजे पायातच. आमच्याकडे वैशाखात पत्र्यावर पापड भाजेल असं ऊन असतं, त्यात ही मोजे घालून फिरणार. सगळं गाव तिला चिडवायचं, कॉलेजची मडम म्हणायचं. ती हसून घ्यायची.

त्या वर्षी झोक्यावर तिने मोजा खाली सरकवून मला पाऊल दाखवलं. घोट्याखाली रुपयाएवढे दोन पांढरे डाग होते. "माय-आबासले माहीत शे, नि आते तुले," ती म्हणाली. तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा नोकरीला होता, तिला पसंत होता. डाग औषधाने जातील असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तोपर्यंत कुणाला कळायला नको होतं. मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

चार दिवसांनी बार. त्या वर्षी वरची गल्ली भारी पडत होती, कारण तिची जीभ माझ्यापेक्षा चपळ होती, आजही आहे. तिने माझ्या दातांवर एक म्हटलं, माझ्या बापाच्या घोरण्यावर एक म्हटलं, आणि मला काही सुचेना. माझ्यामागे पंधरा-वीस पोरी उभ्या होत्या. त्या मला ढोसत होत्या, बोल ना, बोल ना. समोरचा काठ हसत होता. माझ्या कानशिलांत रक्त उसळलं आणि तोंडातून निघून गेलं,

"वरनी गल्लीनी पोर वैशाखमा मोजा घाले,
एक पाय काया, एक पांढरा, दखाडे ना कोनले, वं माय!"

एक पाय काळा, एक पांढरा, आणि ती तो कुणाला दाखवत नाही, असं मी म्हटलं. तिने उत्तर देण्याऐवजी मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहिलं. तेवढ्याने बायकांना जे कळायचं ते कळलं. त्या मुलाची मावशी आमच्याच गावात दिलेली होती आणि ती काठावर, लिंबाखाली बसलेली होती. चौथ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

मी तिच्या घरी गेले नाही. रोज ठरवायचे, उद्या जाईन. ज्येष्ठात माझंच लग्न झालं आणि मी धुळ्याला आले. पळूनच आले म्हणा. पुढे कळत गेलं की तिचं लग्न झालं नाही, ती जळगावला शाळेत लागली, डाग वाढत गेले. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. मुलगी तर मला फार सरळ बाई समजते. तिच्या मैत्रिणींची गुपितं ती मला सांगते, कारण आई कुणाला बोलत नाही.

तालमीनंतरचे तीन आठवडे मी नीट जेवले नाही. ती स्टेजवर दोन मिनिटं बोलणार होती. दोन मिनिटं पुष्कळ झाली. 'माझं लग्न हिने मोडलं' एवढं म्हणायला एक श्वास पुरतो, आणि पहिल्या रांगेत माझी मुलगी बसणार होती. तिला नेऊ नये म्हणून मी बहाणे केले. हॉलमध्ये उकडतं म्हटलं, परतायला उशीर होतो म्हटलं. "वेडी आहेस का? तुझा पहिला मोठा कार्यक्रम," असं म्हणून तिने एसटीची दोन तिकिटं काढून ठेवली.

शेवटी मी कार्यक्रमाच्या ग्रुपवरून नंबर घेऊन जळगावला तिला फोन केला.

"काय गाशी तू?" मी विचारलं.

"बारमा काय गासू, ते कोनी आगोदर सांगस का?"

"तरी बी."

"घाबरनी का?"

"मी काब घाबरसू?" म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर हाताला सुटलेला घाम पदराला पुसला.

नानांनी त्या तीन आठवड्यांत आणखी दोनदा तालीम ठेवली. दोन्ही वेळा ती नानांना म्हणाली, बारची तालीम नसते. नानांना ते फारच आवडलं. जिवंत परंपरा, असं ते प्रत्येकाला सांगत सुटले.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता. हॉल भरला होता. आमचा नंबर सातवा. बँकेच्या साहेबांनी बायकोच्या आवडीचं सिनेमातलं गाणं म्हटलं आणि मध्येच थांबले, मग लोकांनीच ते पूर्ण केलं. शिंपीचाचांनी सांगितलं की त्यांचे वडील मशीनचं पायडल मारताना एकच कडवं म्हणायचे, पुढचं त्यांनाही येत नव्हतं, म्हणून तेही तेवढंच म्हणणार. चाचा फार सुंदर गायले असं मुलगी नंतर म्हणाली. माझ्या कानांवर काही पडत नव्हतं. मी पडद्याच्या फटीतून पहिल्या रांगेत बसलेली मुलगी पाहत होते. तिने रेकॉर्डिंगसाठी फोन हातात धरून ठेवला होता.

वरच्या गल्लीची ती माझ्याशेजारी उभी होती. पर्स उघडून तिने खडीसाखरेचा खडा पुढे केला. "ले. गया सुकी जाई."

घसा कोरडा पडू नये म्हणून मी खडा तोंडात टाकला. तो गोड लागला की नाही हे आठवत नाही.

आमचं नाव पुकारलं. तिने चपला विंगेतच काढल्या. स्टेजवर सतरंज्या अंथरलेल्या होत्या, त्यातली मधली तिने स्वतः गुंडाळून बाजूला केली. "मध्ये नाला पाहिजे," असं ती माइकवर म्हणाली आणि लोक हसले. ती त्या काठावर उभी राहिली आणि मी या. दिव्यांच्या उजेडात तिची अनवाणी पावलं पूर्ण पांढरी दिसत होती. मोजे घालायचे दिवस तिने कधीच मागे टाकले होते. मी मात्र तिच्या पायांकडे पुन्हा बघू शकले नाही.

ती बोलू लागली. मास्तरीण आहे, आवाज खणखणीत. "आमच्या गावात बारचे तीन नियम आहेत. पहिला, समोरून गाणं आलं की उत्तर द्यायचंच. जो गप्प राहिला तो हरला, आणि हरला त्याने पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं 'हारनू' म्हणायचं. दुसरा नियम, नाल्यात म्हटलेलं नाल्यातच सोडून यायचं, घरी न्यायचं नाही." ती थांबली. "तिसरा नियम, झोक्यावर सांगितलेलं नाल्यात म्हणायचं नाही."

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. आता म्हणणार, आता. मुलगी फोन सरळ धरून बसली होती. घंटी वाजली. ती नानांकडे बघून हसली आणि तिने ढोलकीवाल्याला खूण केली.

"खालनी गल्लीनी पोर सयपाकले बठनी,
भाकर करपनी नि चूल इझनी, वं माय!"

हॉल हसला. मला इतकं हायसं वाटलं की माझंही उत्तर आपोआप बाहेर आलं.

"वरनी गल्लीनी पोर पानीले गई,
घागर घरच राहिनी, दोर लई गई, वं माय!"

लोकांनी टाळ्यांनी ठेका धरला. मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या बाया 'हाण तिले' म्हणून ओरडल्या. तिने लगेच दुसरं टाकलं.

"खालनी गल्लीनी पोर धुयाले दिधी,
जीभ तठे जाईसन बी नही व्हयनी सीधी, वं माय!"

धुळ्याला दिली तरी जीभ सरळ झाली नाही म्हटल्यावर सगळ्यांत मोठ्याने माझी मुलगी हसली. मी उत्तर दिलं, तिने परत दिलं, मी परत दिलं. चार फेऱ्या झाल्या. आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चौथ्या फेरीला मी सगळं विसरले होते. माझ्या कानशिलांत तेच जुनं रक्त उसळत होतं. लोक माझ्या बाजूने होते आणि मला जिंकायचं होतं.

तेव्हा ती एक पाऊल पुढे आली आणि तिने आवाज खाली आणून म्हटलं,

"वरनी गल्लीनी पोर वैशाखमा मोजा घाले..."

आणि ती थांबली.

बारमध्ये कुणी आपल्याच गल्लीवर गात नाही. मागच्या म्हाताऱ्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांचं ओरडणं बंद झालं. ढोलकीवाल्याने दोन आवर्तनं वाजवली, मग त्याचेही हात थांबले. नानांना वाटलं ती शब्द विसरली. त्यांनी घंटी उचलली. तिने हाताने त्यांना थांबवलं. तिची नजर माझ्यावर होती. दुसरी ओळ माझी होती आणि ती तिने माझ्यासाठी ठेवली होती.

मी चटकन दुसरी ओळ जुळवू शकले असते. 'सासरना मानसं म्हने, इले थंडी कशी वाजे', असं काहीतरी. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. हॉल हसला असता, बार संपला असता आणि माझ्या मुलीला कधीच काही कळलं नसतं. एवढी वाट तिने मोकळी सोडली होती. मला पकडायचंच असतं तर मघाची दोन मिनिटं तिच्या हातात होती.

मी माइक धरला.

"ही ओळ माझी आहे," मी म्हणाले. "बत्तीस वर्षांपूर्वी मी नाल्यावर म्हटली होती. दुसरी ओळ मी आज म्हणणार नाही. हिने झोक्यावर जे फक्त मला सांगितलं होतं, ते मी त्या ओळीत सगळ्या गावासमोर बोलले. मी हरत होते म्हणून बोलले. चौथ्या दिवशी हिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मी हिच्या घरी गेले नाही. आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. माझ्या घरीसुद्धा नाही."

एवढंच बोलता आलं. पहिल्या रांगेत मुलीने फोन मांडीवर ठेवलेला दिसला.

"मंग?" समोरच्या काठावरून तिने विचारलं.

"हारनू," मी म्हणाले.

"त्या काठले ऐकू येवाले पाहिजे."

"हारनू वं माय," मी ओरडले. "मी हारनू!" माझा आवाज फाटला.

ती मधली मोकळी फरशी ओलांडून माझ्याकडे आली. मला वाटलं जवळ घेईल. तिने माझ्या हातातला माइक काढून खाली धरला आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "तवयच हारी जाती, तं तुनं काय जातं व्हतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेव्हाच हरले असते तर काय गेलं असतं? दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

मग ती आपल्या काठावर परत गेली आणि गौराईला निरोप देताना म्हणतात ते गाणं तिने एकटीने म्हटलं. ते दोन्ही काठांनी मिळून म्हणायचं असतं. मला साथ देता आली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आधी थोड्यांनी, मग सगळ्यांनी. विंगेत तिने चपला घातल्या, पदर नीट केला, नानांना नमस्कार केला आणि ती निघून गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही, कारण ते मागायचा हक्क मी त्याच ज्येष्ठात घालवून बसले होते.

धुळ्याची बस मिळाली. मुलगी आधी चढली आणि खिडकीशी बसली. मी शेजारच्या जागेवर बसले. एरंडोल गेलं, पारोळा आलं, तरी ती बाहेरच बघत होती. मी पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली, दोन घोट प्यायली आणि परत दिली.

पारोळ्याच्या स्टँडवरून बस सुटल्यावर तिने विचारलं, "त्या दिवशी मग कोण जिंकलं?"

"आम्ही," मी म्हणाले. "पोरींनी मला खांद्यावर बसवून घरी आणलं होतं."